उतरलेलं नाणं

माझं दुकान व्हिएन्नात, योझेफश्टाट भागात, ट्रामच्या वळणावर.
वळताना ट्राम किंचाळते आणि तराजू
शेवटच्या आकड्यापाशी थरथरतो.
मी थांबतो. गिऱ्हाईकही थांबतं.
मग दोघं मिळून त्या आकड्यावर विश्वास ठेवतो.

ओटोकार सेडलाचेक दर नोव्हेंबरात यायचा.
लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, नखांत ग्रीस,
म्हणून नाण्याला कधी बोट लावलं नाही त्यानं.
वर्षाला एक औंस. ना कमी ना जास्त.
भाव विचारायचा नाही, मजला विचारायचा.
दोन हजार एक साली मी म्हणालो, तळघर.
दोन हजार अकरा साली म्हणालो, गच्ची,
दार उघडं आहे आणि वारा सुटलाय.
दोन्ही वर्षी त्यानं तेवढ्याच संथपणे पैसे मोजले.
"चढणारं चढतं, उतरणारं उतरतं, पिख्लर.
मधे अडकलं की मला बोलावतात."

या फेब्रुवारीत त्याची बायको आली,
एर्मेलिंडे. चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावलेली.
वेफर्सच्या पत्र्याच्या डब्यात सव्वीस नाणी
आणि कॅप्सूल एकही नाही.
"ती कुरकुरत होती," म्हणाली, "काढून टाकली."

नऊशे नव्व्याण्णव पूर्णांक नऊ, हे आम्ही अभिमानानं सांगतो.
शुद्ध म्हणजे मऊ, हे सांगत नाही.
त्यात तांबं नाही, म्हणून हट्ट नाही,
शेजारच्या नाण्याचा धक्काही ते लक्षात ठेवतं.
बोटाचा ठसा दिसला की संग्राहक
दुधात माशी दिसल्यासारखं तोंड करतो.
मी पांढरे हातमोजे पुढे केले.
तिनं ते बाजूला ठेवले, स्वतःच्या लोकरी हातमोज्यांवर.

मग एकेक नाणं बोटाच्या टोकावर तोललं
आणि पेन्सिलीनं हलकेच टिचकी.
खरं-खोटं पाहतेय, असं वाटून मी दुखावलो.
"सगळी माझ्याच हातून गेलीत, फ्राउ सेडलाचेक."
"माहीत आहे. जरा गप्प बसा."

नाण्यावर अख्खा वाद्यवृंद कोरलेला,
चेलो, व्हायोलिनं, हॉर्न, बासून, हार्प,
आणि वाजवणारा कुणीच नाही.
इतकी वर्षं कपाटाच्या अंधारात बसून होती ती,
तालमीला वेळेवर आलेली, दिवे न लागलेली.
टिचकी. बारीक, लांब, पुसट होत जाणारा सूर.
गुंजभर सोनं नव्हे, सोन्याची गुंज.
एकोणनव्वद. नव्वद. एक्क्याण्णव.
हीटर घरघरत होता, तो मी बंद केला.

सत्त्याण्णवच्या नाण्याशी ती थांबली.
पुन्हा टिचकी. "हे उतरलंय."
मी तराजूवर ठेवलं: एकतीस पूर्णांक दहा. पुरेपूर.
यंत्राखाली धरलं: शुद्ध.
"उतरलंय," ती म्हणाली,
पोराच्या कपाळाला हात लावून ताप आहे म्हणावं तसं.
भिंगातून कडेला दिसली एक चपटी जागा, तिळाएवढी.
पडलं असणार. कुठून, कुणाच्या हातून,
मी विचारलं नाही.
ती खिडकीबाहेर बघत एकदाच म्हणाली, "सत्त्याण्णव,"
आणि सव्विसावं वाजवायचं विसरली.

पंचवीस विकली. ठशांपायी नाण्यामागे
दोन टक्के कापायला हवे होते. एक कापला.
एक तरी कापलाच; धंदा आहे.
सत्त्याण्णवचं तिनं कोटाच्या खिशात टाकलं.
"किल्ल्यांबरोबर नको," मी म्हणालो, "ओरखडे पडतील."
"यावर दोन हजार शिलिंग लिहिलंय," ती म्हणाली,
"शिलिंग तरी कुठे उरलेत?"

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं.
एक नाणं बोटावर तोललं, पेन्सिल उचलली.
नेमकी ट्राम वळली.

तिसऱ्या दिवशी ती दारात उभी.
मला वाटलं, भावाबद्दल बोलायला आली.
डबा राहिला होता तिचा.
डब्यासाठी आली होती.